शेजारच्या गॅलरीत बांधलेला कुत्रा: आधी काय, मग काय, आणि काय अजिबात नाही

"समोरच्या बिल्डिंगमध्ये एक कुत्रा आहे, दिवसभर गॅलरीत बांधलेला असतो, काय करू?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो. आणि विचारणाऱ्याने तोपर्यंत एक उद्योग करून ठेवलेला असतो, व्हिडिओ काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेला असतो. तिथेच निम्मं काम बिघडतं.

मी स्वतः पहिल्यांदा हेच केलंय म्हणून सांगतोय. ग्रुपवर दोनशे मेसेज, रडके इमोजी, "असल्यांना फाशी द्या" वगैरे सगळं झालं, दुसऱ्या दिवशी त्या घरवाल्यांनी गॅलरीला हिरवी जाळी ठोकली आणि कुत्र्याला आतल्या पॅसेजमध्ये हलवलं. आधी निदान दिसत होता, आता नुसतं भुंकणं ऐकू यायचं. दोन महिन्यांनी ते भाडेकरू गेले, कुत्र्याचं पुढे काय झालं मला आजही माहीत नाही.

दुसऱ्या वेळेला क्रम बदलला. पुण्यात आमच्याच गल्लीत, तिसऱ्या मजल्यावरचा लॅब, म्हणजे लॅब्राडोर कुत्रा, नाव शेरू. त्याच्या उदाहरणावरूनच पुढचं सगळं लिहितोय. एक गोष्ट डोक्यात पक्की करा, आपल्याला मालकाला धडा शिकवायचा नाहीये, कुत्र्याला आज पाणी आणि नंतर धड घर मिळवून द्यायचंय. ही दोन वेगळी कामं आहेत आणि एकाच्या नादात दुसरं हमखास फसतं.

## १. सगळ्यात आधी: हे आत्ताचं आहे की थांबू शकतं?

यापैकी काही दिसत असेल तर पुढचे टप्पे सोडा, लगेच फोन करा:

- कुत्रा उन्हात बांधलाय, जोरजोरात धापा टाकतोय, लाळ गळतेय, उठत नाहीये
- उघडी जखम, त्यात अळ्या वळवळताना दिसतायत (पावसाळ्यात हे दोन दिवसांत होतं)
- त्याला मारतायत, किंवा साखळीने गळा आवळलाय
- घराला कुलूप, माणसं गावाला, कुत्रा आत

शेवटचा प्रकार मे महिन्यात आणि गणपतीत फार. दोन भांडी पाणी आणि एक परात ड्राय फूड ठेवून लोक चार-चार दिवस कोकणात जातात. भांडं पहिल्याच दिवशी लवंडतं. अशा वेळी ११२ ला फोन करा, सोसायटीच्या सेक्रेटरीला उभं करा, मालकाचा नंबर मिळवा. दार उघडायचं ते पोलिसांसमोर, गॅलरीतून काढायचं तर अग्निशमन दलाच्या मदतीने. तुम्ही पाइपवरून चढू नका.

डॉक्टर किंवा रेस्क्यूची गाडी लागली तर कुणाला बोलवायचं ते आधीच शोधून ठेवा. मुंबईत परळचं बाई साकरबाई हॉस्पिटल, ज्याला जुने लोक अजून बैलघोडा म्हणतात. पुण्यात रेस्क्यू, ब्लू क्रॉस अशा संस्था आहेत. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतोच. तिथे गाई-म्हशींची गर्दी असते पण कुत्रं बघत नाहीत असं नाही.

सावधान: घाबरलेला, दुखणारा कुत्रा चावतो, स्वभाव कितीही गरीब असला तरी. चावला किंवा ओरखडा आला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. मग त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं, रेबीजची लस तिथे मिळते. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत रेबीजविरोधी सिरमचं (तयार प्रतिकारद्रव्याचं) इंजेक्शनही लागतं, ते डॉक्टरांना आठवणीने विचारा. "पाळीव आहे, लस दिलेली असेल" यावर विसंबू नका, ज्याला पाणी मिळत नाही त्याला लस कुठली मिळणार.

## २. चार दिवस नुसतं बघा, आणि लिहा

इथे लोकांना धीर नसतो. पण एकदा बघून तुम्हाला काहीच कळलेलं नसतं. दुपारी बारा वाजता साखळीला दिसलेला कुत्रा सकाळ-संध्याकाळ तासभर फिरत असू शकतो. आणि म्हाताऱ्या किंवा किडनीचा त्रास असलेल्या कुत्र्याच्या फासळ्या चांगल्या घरातही दिसतात.

मी एक साधी वही घेतली. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सात, रात्री दहा, चार वेळा बघायचं आणि एक ओळ लिहायची. पाणी दिसतं का. सावली आहे का. साखळी किती लांब. शी-शू साफ केली का. कुणी हात लावला का.

शेरूचं चौथ्या दिवशी लक्षात आलं ते असं. साखळी कमरेएवढ्या उंचीच्या ग्रिलला बांधलेली, जेमतेम दोन हात लांब. स्टीलचं भांडं भरून ठेवायचे हो, रोज सकाळी न चुकता, पण हा उठून वळला की साखळी भांड्यावरून फिरायची आणि भांडं उलटं. साडेसातपर्यंत पाणी फरशीवर, मग दिवसभर तो ती ओली फरशी चाटायचा. घरच्यांना खरंच वाटत होतं की आपण पाणी देतोय. आणि तो उभा राहायचा त्या जागी फरशीवर अर्धवर्तुळाचा काळा पट्टा उमटला होता, तेवढंच त्याचं जग. ही गोष्ट मला एका व्हिडिओत कधीच कळली नसती.

लांबून बघायच्या खुणा: नखं वाकून जमिनीला टेकलीत का, चालताना टकटक आवाज येतो का, गळपट्ट्याभोवतीचे केस गेलेत का, कानाच्या कडेला राखाडी दाण्यांसारख्या गोचिड्या आहेत का, एकाच जागी गोल-गोल फिरतो का. पोटापेक्षा कंबर किती आत गेलीये तेही बघा.

इथे थांबून बघा: चार दिवसांच्या नोंदीत रोज तीच गोष्ट दिसतेय का? एखाद दिवशीच झालं असेल तर ती हयगय नाही, त्या घरातला वाईट दिवस आहे. आपल्याकडेही येतात.

## ३. फोटो काढा, पण टाकू नका

फोटो तुमच्या घरातून, जिन्यातून किंवा रस्त्यावरून काढा. त्यांच्या दारातून आत मोबाइल घालून नाही. मोबाइलमध्ये तारीख-वेळ आपोआप साठते, म्हणून मूळ फोटो ठेवा, व्हॉट्सॅपवरून फिरून आलेला नको, त्यात ती माहिती उडते. एकाच कोपऱ्यातून वेगवेगळ्या दिवशी काढलेले सहा फोटो हे एका लांबलचक थरथरत्या व्हिडिओपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

घरातली माणसं, मुलं फोटोत येऊ देऊ नका. आणि पुन्हा सांगतो, ग्रुपवर नाही, इन्स्टावर नाही, स्टेटसला पण नाही. ज्या माणसाची चारचौघांत शोभा झालीये तो तुम्हाला कुत्रा देणार नाही, तो हट्टाला पेटणार.

## ४. बोलायला जा (आणि एकटे-दुकटेच जा)

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात. एकतर हा टप्पाच गाळतात, नाहीतर पाच जणांचं शिष्टमंडळ घेऊन जातात. दोघं जा, त्यातलं एक जण त्या घराशी ओळख असलेलं. रविवारी सकाळी अकराच्या सुमारास, जेवायच्या वेळी नाही. हातात मोबाइल धरू नका.

मी गेलो तेव्हा दार उघडलं सत्तरीच्या काकांनी. मी मनात तयार करून गेलेलं भाषण गिळलं आणि एवढंच विचारलं, "काका, शेरूला खाली कोण नेतं हो हल्ली?"

ते थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "कोण नेणार? अभि गेला जर्मनीला दीड वर्षापूर्वी. त्याने आणलेला. हिचे गुडघे गेलेत, मला एकदा खेचून पाडलं त्याने जिन्यात. तेव्हापासून बांधूनच असतो."

आतून काकू म्हणाल्या, "बसा ना, चहा टाकते." झालं. राक्षस वगैरे कुणी नव्हतं त्या घरात. मुलाने हौसेने आणलेलं पिल्लू तीस किलोचं झालं, मुलगा गेला, आणि आईवडिलांना कुणी कधी विचारलंच नव्हतं की तुम्हाला जमेल का.

सगळीकडे असेच काका भेटतात असं अजिबात नाही, मला दारावरून हाकललेलंही आहे. पण पहिला प्रश्न कायम हाच ठेवा, कोण नेतं, कोण खायला घालतं, डॉक्टर कोण. या प्रश्नांत आरोप नसतो आणि उत्तरात सगळी गोष्ट बाहेर येते.

काय बोलू नये:
- "तुम्हाला जमत नव्हतं तर पाळला कशाला" (उत्तर काहीही आलं तरी कुत्र्याचा फायदा शून्य)
- "मी पोलिसात जाईन" (पहिल्या भेटीत तर नाहीच)
- भुंकण्याची तक्रार. भुंकण्याचा विषय निघाला की घरचे त्याला गप्प करायला बघतात, म्हणजे मारतात किंवा तोंड बांधतात

## ५. छोटी, आजच होणारी सोय सुचवा

कुत्रा काढून घ्यायची भाषा इथे करू नका. आधी आज काय बदलेल ते बघा. शेरूच्या बाबतीत पहिल्या दिवशी तीन गोष्टी केल्या: जड सिमेंटची कुंडीसारखी चपटी घमेली असते ना, ती पाण्याला ठेवली जी उलटत नाही. साखळी काढून गॅलरीचं ग्रिल बंद आहे याची खात्री करून त्याला मोकळा सोडला. आणि गल्लीतला एक कॉलेजचा मुलगा पैसे घेऊन दोन वेळा फिरवायला तयार झाला.

पाण्याचा अंदाज हवा म्हणून, कुत्र्याला दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिली पाणी लागतं, म्हणजे पंचवीस किलोच्या कुत्र्याला सव्वा ते दीड लिटर. उन्हाळ्यात जास्तच.

मग पंधरा दिवस द्या आणि वहीत नोंदी चालू ठेवा. काही घरं इथेच सुधारतात आणि विषय संपतो, तुम्हाला पुढचं काही वाचायची गरज नाही.

सावधान: वरून-खालून पोळ्या, दुधाच्या पिशव्या, बिस्किटं फेकू नका. उपाशी पोटी दुधाने जुलाब होतात, त्याची घाण गॅलरीत होते आणि मार कुत्र्याला बसतो. शिवाय तुम्ही टाकलेल्या खाण्याने काही झालं तर बोट तुमच्याकडेच.

## ६. नाहीच ऐकलं तर: लेखी तक्रार

फोनवर ओरडून काही होत नाही, कागद लागतो. कायदा काय म्हणतो ते आधी समजून घ्या, कारण पोलीस ठाण्यात अंमलदाराला तुम्हालाच सांगावं लागेल.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा केंद्राचा कायदा आहे. त्याचं कलम ११ (१) उघडा. त्यात अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. कायम बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसं फिरवलं नाही तर तोही गुन्हा, आणि हे कलम कुत्र्यांचं नाव घेऊन लिहिलंय. पुरेसं अन्न-पाणी-निवारा न देणं, उपासमार होईल असं सोडून देणं, हे पण त्यातच येतं.

आता कडू भाग. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. हो, पन्नास. वडापाव आणि चहा. शिवाय उपासमार, बांधून ठेवणं ही कलमं अदखलपात्र आहेत, म्हणजे पोलीस एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करतील आणि पुढच्या तपासाला मॅजिस्ट्रेटची परवानगी लागेल. म्हणूनच मी म्हणतो की कायद्याची भीती घालून कुत्रा सुटत नाही, सुटतो तो मालकाला बाहेर पडायला वाट दिली तर. पण एनसीचा उपयोग नाही असं नाही, दारात पोलीस येऊन गेला की बरेच जण "घेऊन जा तुम्हीच" म्हणतात, आणि आपल्याला तेच हवं असतं.

जिवे मारलं, विष घातलं, कायमचं जायबंदी केलं तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं, पाच वर्षांपर्यंत कैद, आणि तो दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय तपास करू शकतात. जुन्या पोस्टमध्ये ४२८-४२९ वाचलं असेल तर ती आयपीसीची (जुन्या भारतीय दंड संहितेची) कलमं, १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आहे.

अर्जाचा क्रम:

1. एका पानात तक्रार. तारखा, वेळा, काय दिसलं. "अमानुष, निर्दयी" असले शब्द नकोत, "दि. अमुक ते अमुक, रोज दुपारी एक वाजता पाण्याचं भांडं रिकामं" असं.
2. फोटोंच्या प्रिंट, मागे तारीख. वहीच्या पानांची झेरॉक्स.
3. दोन प्रती. एक पोलीस ठाण्यात द्यायची, दुसरीवर शिक्का आणि सही घ्यायची. पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही.
4. तीच प्रत जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीला, म्हणजे एसपीसीएला, आणि जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयाला.

तारीख लक्षात ठेवा: या कायद्याखाली गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत खटला सुरू व्हावा लागतो. लोक सहा-सहा महिने ग्रुपवर भांडत बसतात आणि मग जुने फोटो घेऊन जातात.

अजिबात नाही: रात्री जाऊन साखळी सोडून कुत्रा पळवून आणणं. कायद्याच्या नजरेत कुत्रा ही मालकाची मालमत्ता आहे, तुमच्यावर चोरीचा गुन्हा दाखल होऊ शकतो आणि कुत्रा सन्मानाने परत त्याच गॅलरीत. जप्त करायचा अधिकार पोलिसांना आहे, तुम्हाआम्हाला नाही.

## ७. ताबा घेताना कागद करा

मालक "न्या" म्हणाला की लोक आनंदाने पट्टा धरून खाली उतरतात. थांबा. दोन महिन्यांनी कुत्रा गुटगुटीत झाला की "आमचा द्या परत" म्हणणारे असतात. शेरू शेवटी आमच्याकडे आला, तेव्हा जर्मनीहून अभिचा पण फोन आला होताच.

साध्या कागदावर चालेल: कुत्र्याचं नाव, जात, रंग, वय, ओळखीची खूण, मी स्वखुशीने कायमचा ताबा देत आहे, परत मागणार नाही, तारीख, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. दोघांच्या ओळखपत्राची झेरॉक्स. घरात एकापेक्षा जास्त माणसं हक्क सांगणारी असतील तर सगळ्यांची संमती, परदेशात असेल त्याचा निदान ईमेल. सोबत लसीचं पुस्तक, महापालिकेचा परवाना असेल तर तो, मायक्रोचिपचा नंबर, आधीच्या डॉक्टरचं नाव. आणि त्याची एक जुनी चादर मागून घ्या, धुवू नका. ओळखीचा वास पहिल्या रात्री फार कामाला येतो.

दिवस निवडताना दिवाळीच्या आसपासचा आठवडा टाळा. नवीन घर, नवीन माणसं आणि वर फटाके, कुत्रा दार उघडं सापडताच पळतो.

## ८. पहिले ४८ तास: घरी नाही, आधी डॉक्टरकडे

खायला भरपूर घालू नका. ही चूक जीव घेऊ शकते. बरेच दिवस उपाशी असलेल्या कुत्र्याला एकदम पोटभर घातलं तर रक्तातले फॉस्फरस-पोटॅशियमसारखे क्षार झपकन खाली जातात आणि हृदयावर येतं. पहिल्या दिवशी त्याच्या गरजेच्या पाव हिस्सा, तोही चार-सहा वेळा वाटून, आणि पुढे हळूहळू आठवडाभरात पूर्ण. अगदी हाडाचा सापळा असेल तर हा हिशोब तुम्ही नाही, डॉक्टरने करायचा. पाणीही थोडं थोडं, एकदम बादली नाही.

डॉक्टरकडे काय मागायचं: वजन, ताप (कुत्र्याचं साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्या तापाशी तुलना करून घाबरू नका), रक्ताची तपासणी आणि गोचिड तापासाठी स्लाइड (रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन तपासणी), शी तपासून जंताचं औषध, खाज असेल तर त्वचा खरवडून तपासणी, मायक्रोचिपचं स्कॅन. हिरड्या फिकट पांढरट असतील, नाकातून रक्त येत असेल तर गोचिड तापाचा संशय आधी सांगा.

घरगुती उपाय जे लगेच थांबवायचे:

- अळ्यांवर फिनेल, रॉकेल ओतणं. अळ्या डॉक्टर काढतील, तोवर जखमेवर स्वच्छ कापड
- मांसात रुतलेला गळपट्टा ओढून काढणं. तो गुंगी देऊनच काढावा लागतो
- क्रोसिन, ब्रुफेन, माणसांची कुठलीही गोळी
- पहिल्याच दिवशी शाम्पूने आंघोळ. वास येतो, माहितीये. दोन दिवस येऊ द्या
- मेडिकलवाल्याने दिलेलं "सगळ्यावर चालणारं" जंत-गोचिडीचं इंजेक्शन. काही जातींना, विशेषतः कॉली वगैरे, त्यात बहुतेकदा असणारं आयव्हरमेक्टिन हे औषध झेपत नाही

लस लगेच द्यायची का हे डॉक्टर ठरवतील, आजारी अंगावर लस सहसा देत नाहीत. नसबंदीही वजन भरल्यावर. पण मादी असेल तर ती विसरू नका, वय वाढलं की गर्भाशयात पू होण्याचा आजार होतो आणि तो कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

घरात आधीचा कुत्रा असेल तर दोन आठवडे वेगळी खोली, वेगळी भांडी. शेरूला आम्ही पॅसेजमध्ये जागा दिली होती. पहिले तीन दिवस तो त्या चादरीवरून उठून फक्त दोन हात पुढे यायचा आणि थांबायचा. साखळी नव्हती, तरी तिथेच थांबायचा.

## ९. ठेवायचा की द्यायचा: गुलाबी चष्मा काढून

वाचवलाय म्हणजे तुम्हीच ठेवला पाहिजे असं नाही. इथे भावनेच्या भरात हो म्हणायचं आणि वर्षभराने आपल्याच गॅलरीत साखळी ठोकायची, हे मी पाहिलंय. स्वतःला खरं उत्तर द्या:

- पुढची दहा-बारा वर्षं. नोकरी बदलली, मूल झालं, घर बदललं तर कुत्रा कुठे? घरातल्या प्रत्येकाने हो म्हटलंय का, की एकट्या मुलाने?
- पावसात, तापात, मॅचच्या दिवशी सकाळी साडेसहाला खाली कोण नेणार? नाव लिहा. "आपण सगळे" म्हणजे कुणीच नाही, शेरूचं तेच झालं होतं.
- लॅबसारख्या मोठ्या कुत्र्याला महिन्याला साधारण दहा किलो ड्राय फूड लागतं. दरवर्षीची लस, दर तीन महिन्यांनी जंताचं औषध, गोचिडीचं औषध, आणि अचानक येणारं मोठं बिल. आपल्या गावातल्या डॉक्टरकडे दर विचारून या, मग बोला.
- गावाला जाताना सोय कोणाकडे? नाव लिहा.
- भाड्याचं घर असेल तर घरमालकाशी आधी बोललात? सोसायटी पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालू शकत नाही हे खरं, पण कुत्र्याची शी उचलायची तुमची जबाबदारी संपते असंही नाही.

तीन ठिकाणी अडखळलात तर देऊन टाका, त्यात कमीपणा नाही. फक्त देताना त्यांच्या घरी जाऊन या, गॅलरीत साखळीचा हुक आहे का बघा, तोच कागद पुन्हा करा, आणि "फार्महाउसला राखणीला हवाय" म्हणणाऱ्याला नाही म्हणा. साखळी बदलते, बाकी काही नाही.

## १०. ठेवलात तर रोजचं काम

दोन वेळा फिरवणं, पट्ट्यासकट, मोठ्या तरुण कुत्र्याला मिळून तासभर तरी. उन्हाळ्यात नऊच्या आत आणि सातनंतर. डांबरावर आपल्या हाताचा उलटा पंजा पाच सेकंद ठेवून बघा, तुम्हाला चटका बसला तर त्यालाही बसतो. कागद किंवा पिशवी खिशात, शी उचलायची.

खाणं ठरलेल्या वेळी. घरचं द्यायचं तर भात-चिकन-अंडं, मीठ-मसाल्याशिवाय. नुसती दूध-पोळी हे पूर्ण अन्न नाही, अर्ध्या पुण्याचे कुत्रे त्यावर वाढलेत तरी नाही. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट, शिजवलेली हाडं बंद. प्रसादाचा शिरा पण बंद, त्यात मनुका असतात आणि आजी गुपचूप भरवते.

वजनाचा घरगुती अंदाज: मूठ वळा आणि बोटांच्या सांध्यांवरून दुसऱ्या हाताचं बोट फिरवा. फासळ्या तशा लागल्या तर बारीक. उघड्या हाताच्या मागच्या बाजूसारख्या लागल्या तर बरोबर. तळव्यासारख्या लागल्या, म्हणजे शोधाव्या लागल्या, तर जाड.

आठवड्यातून एकदा कान, बोटांच्या फटी, शेपटीखाली गोचीड शोधा. गळपट्ट्याखाली दोन बोटं जातात का बघा. महापालिकेचा परवाना काढा, त्याला रेबीजच्या लसीचा दाखला लागतो. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला, दिवाळीच्या फटाक्यांआधी नक्की.

आणि वही बंद करू नका. मी तीच वही पुढे चालू ठेवली, आता त्यात वजन आणि औषधाच्या तारखा असतात. शेरू आला तेव्हा १९ किलो, चार महिन्यांनी २७. काका-काकू रविवारी येतात, काका खाली बाकावर बसतात आणि पट्टा मी धरतो, कारण जिना दिसला की हा अजूनही खेचतो.